स्पॅनिश भाषा-संस्कृतीच्या अध्यापनातील व्हिडिओ गेम

स्पॅनिश भाषा आणि स्पॅनिशभाषक देशांची संस्कृती शिकवताना व्हिडिओ गेम हा अभ्यासविषय म्हणून वर्गात आणण्याची पद्धत एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून काही विद्यापीठांच्या भाषाविभागांत रुजत गेली. या पद्धतीत खेळाकडे दोन अंगांनी पाहिले जाते. एका अंगाने खेळ ही कादंबरी, नाटक किंवा चित्रपट यांच्याप्रमाणे एखाद्या समाजाने घडवलेली किंवा एखाद्या समाजाविषयी बोलणारी सांस्कृतिक कृती असते. दुसऱ्या अंगाने तो भाषा ऐकण्याचा, वाचण्याचा आणि वापरण्याचा प्रसंग असतो. केवळ शब्द पाठ करून घेण्यासाठी तयार केलेल्या शैक्षणिक खेळांचा या पद्धतीत गौण वाटा असतो; अभ्यासले जातात ते प्रामुख्याने करमणुकीसाठी बाजारात आलेले खेळ. खेळ खेळल्याने भाषा आपोआप येत नाही. खेळाला वाचन, चर्चा आणि लेखन यांची जोड दिली तरच तो शिकण्याचे साधन होतो, ही या पद्धतीमागील मूलभूत भूमिका आहे.

वैचारिक पार्श्वभूमी

खेळ हा संस्कृतीचा गाभा आहे, असा विचार डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात मांडला. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ अशा चार वर्गांत खेळांची विभागणी केली. संगणकावरील खेळांचा स्वतंत्र विद्याशाखा म्हणून विचार १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. त्यात स्पॅनिशभाषक जगाचा वाटा आरंभापासून आहे. खेळांच्या अभ्यासाला 'लुडॉलॉजी' हे नाव रूढ करण्याचे श्रेय उरुग्वेचे अभ्यासक आणि खेळ-रचनाकार गोन्सालो फ्रास्का यांच्या १९९९ मधील लेखनाला दिले जाते. खेळ ही कथा म्हणून वाचावी की नियमांची रचना म्हणून, हा वाद त्या काळात गाजला. पुढे बहुतेक अभ्यासकांनी दोन्ही दृष्टींची आवश्यकता मान्य केली.

फ्रास्का यांनी स्वतः रचलेले दोन छोटे खेळ या विचाराची उत्तम उदाहरणे आहेत. 'सप्टेंबर १२' (२००३) या खेळात खेळाडूला एका वस्तीवर क्षेपणास्त्रे सोडता येतात. प्रत्येक स्फोटात सामान्य माणसेही मरतात, त्यांच्यासाठी शोक करणारे लोक दहशतवादी बनतात आणि त्यांची संख्या वाढतच जाते. या खेळात जिंकण्याची सोयच ठेवलेली नाही. दुसरा खेळ 'माद्रिद' (२००४) हा ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर काही दिवसांतच तयार झाला. त्यात मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांचा समुदाय दिसतो. मंदावणाऱ्या ज्योतींवर टिचकी मारून त्या तेवत ठेवणे एवढेच खेळाडूचे काम असते. दोन्ही खेळांत संवाद जवळजवळ नाहीत. आशय नियमांतून व्यक्त होतो. नियमांद्वारे मत मांडण्याच्या या रीतीला अमेरिकन अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी 'प्रक्रियात्मक वक्तृत्व' असे म्हटले आहे.

शिक्षणाच्या बाजूने जेम्स पॉल जी यांचा २००३ मधील ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो. चांगला खेळ खेळाडूला टप्प्याटप्प्याने अवघड कामे देतो, चुकण्याची मुभा देतो आणि माहिती नेमकी लागते तेव्हाच पुरवतो, असे निरीक्षण नोंदवून त्यांनी त्यातून ३६ अध्ययनतत्त्वे मांडली. लॅटिन अमेरिकेच्या संदर्भात फिलिप पेनिक्स-टाडसेन यांचा 'कल्चरल कोड' (२०१६) हा ग्रंथ आणि स्पेनमध्ये ऑलिवेर पेरेस लातोरे व बिक्तोर नाबार्रो रेमेसाल यांचे स्पॅनिशमधील लेखन या क्षेत्रात संदर्भासाठी वापरले जाते.

स्पेनमधील व्हिडिओ गेमची परंपरा

सुवर्णकाळ

१९८३ ते १९९२ हा काळ 'स्पॅनिश सॉफ्टवेअरचा सुवर्णकाळ' म्हणून ओळखला जातो. फ्रँकोच्या मृत्यूनंतर (१९७५) स्पेनमध्ये लोकशाही परतली होती. झेडएक्स स्पेक्ट्रम, अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी आणि एमएसएक्स हे तुलनेने स्वस्त घरगुती संगणक मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागले होते. खेळ साध्या ध्वनिफितींवर विकले जात. महाविद्यालयीन वयाच्या, अनेकदा त्याहूनही लहान मुलांनी घरीच लिहिलेले खेळ देशभर विकले गेले. १९८३ मधील 'ला पुल्गा' म्हणजे 'पिसू' हा खेळ ब्रिटनमध्येही प्रकाशित झाला. दिनामिक, ओपेरा सॉफ्ट आणि टोपो सॉफ्ट या त्या काळातील प्रमुख संस्था होत. 'मिक्रोऑबी' व 'मिक्रोमानिया' या नियतकालिकांनी वाचकवर्ग घडवला, तर चित्रकार अल्फोन्सो आस्पिरी यांनी रंगवलेली वेष्टने खेळांइतकीच लोकप्रिय झाली. फितींच्या नकला मोठ्या प्रमाणावर होत असत. त्याला उत्तर म्हणून एर्बे या वितरक संस्थेने १९८७ मध्ये खेळाची किंमत ८७५ पेसेतांपर्यंत खाली आणली.

या खेळांतून त्या काळचा स्पेन दिसतो. बास्केटबॉलपटू फेर्नांदो मार्तिन आणि फुटबॉलपटू एमिलियो बुत्रागेन्यो यांच्या नावांचे खेळ निघाले. सर्व्हान्टिसच्या 'दोन किहोते'वर आधारित, शब्दांत आज्ञा टाइप करून खेळायचा खेळही १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरगुती संगणकांची जागा अधिक शक्तिशाली यंत्रांनी आणि जपानी कन्सोलनी घेतली, तेव्हा दोन-तीन जणांच्या गटांना त्या खर्चाच्या स्पर्धेत टिकता आले नाही आणि हा काळ ओसरला.

'ला आबादिया देल क्रिमेन'

या काळातील सर्वांत अधिक अभ्यासली गेलेली कृती म्हणजे 'ला आबादिया देल क्रिमेन', अर्थात 'गुन्ह्याचा मठ' (१९८७). प्रोग्रामर पाको मेनेंदेस आणि चित्ररचनाकार हुआन देल्कान यांनी तो घडवला. उम्बेर्तो एको यांच्या 'द नेम ऑफ द रोज' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. मात्र कादंबरीचे नाव वापरण्याची परवानगी न मिळाल्यामुळे वेगळे शीर्षक द्यावे लागले. मध्ययुगीन मठातील मृत्यूंचा शोध घेणारा एक साधू आणि त्याचा तरुण शिष्य ही खेळातील मुख्य पात्रे आहेत.

अध्यापनाच्या दृष्टीने या खेळाचे वैशिष्ट्य त्याच्या नियमांत आहे. मठाचा दिवस प्रार्थनेच्या ठरलेल्या प्रहरांत विभागलेला असतो. प्रार्थनेला व भोजनाला वेळेवर हजर राहणे बंधनकारक असते. खेळाडूची 'आज्ञाधारकता' एका पट्टीने दर्शवली जाते आणि मठाधिपतीची आज्ञा मोडली की ती पट्टी कमी होते. ती संपली की खेळाडूची मठातून हकालपट्टी होते. परिणामी शोध घेण्यासाठी नियम मोडावा लागतो आणि मठात टिकण्यासाठी तो पाळावा लागतो. मध्ययुगीन मठजीवनातील शिस्त आणि जिज्ञासा यांचा हा संघर्ष विद्यार्थी पुस्तकात वाचतो तेव्हा ती माहिती असते. घंटा वाजल्यावर हातातले काम अर्धवट सोडून त्याला प्रार्थनेकडे धावावे लागते, तेव्हा तोच संघर्ष त्याच्या अनुभवाचा भाग होतो.

पुढील वाटचाल आणि मान्यता

१९९० च्या दशकात दिनामिक मल्टिमीडियाची 'पीसी फुत्बोल' ही मालिका, पेंदुलो स्टुडिओजचे साहसी खेळ आणि माद्रिदच्या पायरो स्टुडिओजचा 'कमांडोज' (१९९८) यांनी परंपरा चालू ठेवली. एकविसाव्या शतकात माद्रिदच्या टेकिला वर्क्सचा 'राइम' (२०१७), बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा 'ग्रिस' (२०१८) आणि माद्रिद परिसरातील मर्क्युरीस्टीमने निन्टेन्डोसाठी तयार केलेला 'मेट्रॉइड ड्रेड' (२०२१) हे खेळ जगभर पोहोचले. स्पेनच्या संसदेच्या संस्कृतीविषयक समितीने २००९ मध्ये व्हिडिओ गेमला सांस्कृतिक उद्योग म्हणून मान्यता दिली. २०२२ मध्ये कायद्यात झालेल्या सुधारणेनुसार पुस्तकांप्रमाणे व्हिडिओ गेमचीही प्रत जतनासाठी जमा करण्याची तरतूद झाली. त्यामुळे स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हे खेळ राष्ट्रीय वारशाचा भाग म्हणून जतन होऊ लागले.

खेळांतून दिसणारे स्पॅनिशभाषक जग

अंदालुसियाचा 'ब्लास्फेमस'

सेव्हिल येथील द गेम किचन या छोट्या संस्थेने लोकवर्गणीतून उभा केलेला 'ब्लास्फेमस' (२०१९) हा संस्कृती-अध्यापनात विशेष उपयुक्त ठरतो. त्याचे कल्पित जग अंदालुसियातील पवित्र सप्ताह, बरोक शिल्पकला आणि गोया, सुर्बारान, मुरिल्यो यांची चित्रे यांतून घडले आहे. नायकाचे उंच शंकूच्या आकाराचे शिरस्त्राण पवित्र सप्ताहातील मिरवणुकींत प्रायश्चित्त घेणारे लोक घालतात त्या 'कापिरोते' या टोपड्यावरून घेतलेले आहे. पाप, अपराधभाव आणि प्रायश्चित्त या कल्पनांभोवती कथा फिरते. खेळात मिळणाऱ्या अनेक प्रार्थनांना देब्ला, तारान्तो, सेगिरिया, बेर्दियालेस अशी फ्लामेंको गायनप्रकारांची नावे आहेत. गिटारच्या सुरावटीही त्याच परंपरेतील आहेत. खेळाडू लढाईसाठी प्रार्थना निवडतो, तेव्हा त्याच्यासमोर नकळत अंदालुसियाच्या संगीताची यादी उघडलेली असते.

सांस्कृतिक गैरसमज कसे निर्माण होतात, हे दाखवण्यासाठीही हे उदाहरण घेतले जाते. अमेरिकेतील विद्यार्थ्यांना टोकदार टोपडे पाहून वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅन संघटना आठवते. स्पेनमधील हे टोपडे त्या संघटनेहून कितीतरी जुने आहे. प्रायश्चित्त घेणाऱ्याची ओळख झाकली जावी आणि त्याचे प्रायश्चित्त देव व तो यांच्यातच राहावे, हा त्यामागील हेतू होय. एकच चिन्ह दोन समाजांत परस्परविरुद्ध अर्थ कसे धारण करते, याची चर्चा त्यातून सुरू करता येते. हा खेळ प्रथम इंग्रजी आवाजांत प्रसिद्ध झाला. स्पॅनिश आवाज २०२० मध्ये जोडले गेले. सेव्हिलमध्ये घडलेल्या, सेव्हिलच्या प्रतिमांनी भरलेल्या कृतीने आधी इंग्रजीत का बोलावे, हा बाजारपेठेविषयीचा प्रश्नही येथे ओघाने येतो.

मेक्सिको आणि मूळनिवासी भाषा

अमेरिकेतील लुकासआर्ट्सचा 'ग्रिम फँडँगो' (१९९८) मेक्सिकोच्या 'मृतांच्या दिवसा'वर आधारलेला आहे. त्यातील सांगाड्यांच्या पात्रांवर मेक्सिकन लोककलेची छाप आहे. चित्रकार होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) यांची हसऱ्या कवट्यांची मुद्राचित्रे त्याच परंपरेतील असल्याने खेळासोबत ती अभ्यासता येतात. मृतात्म्याचा चार वर्षांचा प्रवास ही कल्पना आझ्टेक श्रद्धेतील आहे, तर कथेची रीत हॉलिवूडच्या गुन्हेपटांची आहे. आत काय आले आणि बाहेरून काय मिसळले गेले, हे वेगळे करून पाहणे हा वर्गातील एक स्वाध्याय ठरतो.

मेक्सिकोतील चिवावा येथील लिएन्सो संस्थेचा 'मुलाका' (२०१८) वेगळी बाजू दाखवतो. तो उत्तर मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील रारामुरी समाजाच्या दंतकथांवर आधारित असून त्याचे निवेदन रारामुरी भाषेत आहे. मेक्सिकोत केवळ स्पॅनिशच बोलली जाते हा विद्यार्थ्यांचा समज त्यामुळे दुरुस्त होतो. स्पेनमध्येही कातालान, बास्क आणि गालिसियन या भाषांना आपापल्या प्रदेशांत अधिकृत दर्जा आहे, या वस्तुस्थितीकडेही येथून वळता येते.

बाहेरून रंगवलेला स्पेन

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल ४' (२००५) युरोपातील एका स्पॅनिशभाषक खेड्यात घडतो. गावकरी स्पॅनिश बोलतात, पण त्यांचे उच्चार लॅटिन अमेरिकेतील आहेत. व्यवहार पेसेतांत होतात. प्रत्यक्षात २००२ मध्येच स्पेनमध्ये युरो चलनात आला होता. गाव मागासलेले, अंधश्रद्ध आणि परक्याच्या जिवावर उठलेले दाखवले आहे. खेळ म्हणून या कृतीची ख्याती मोठी आहे. तरीही 'स्पॅनिश' या शब्दाखाली एक युरोपीय देश आणि एक संपूर्ण खंड कसे सरसकट एक केले जातात, याचे ते नमुनेदार उदाहरण आहे. चुकीचे चित्रणही अभ्यासाला उपयोगी पडते, कारण चूक शोधण्यासाठी विद्यार्थ्याला खरी माहिती मिळवावी लागते.

ऐतिहासिक खेळांत प्रश्न नियमांचा असतो. 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या 'द कॉन्करर्स' (२०००) या विस्तारात एल सिद या मध्ययुगीन योद्ध्याची मोहीम आहे आणि आझ्टेकांच्या बाजूने खेळायची मोक्तेसुमाची मोहीमही आहे. स्पॅनिश आक्रमणाची कथा पराभूतांच्या बाजूने खेळायला मिळणे ही त्याची जमेची बाजू होय. मात्र सर्व समाज लाकूड, अन्न, सोने आणि दगड गोळा करून सैन्य उभारतात, हा नियम सर्वांना सारखाच लागू असतो. देवीच्या साथीने झालेला संहार किंवा स्थानिक राज्यांतील वैर यांना अशा नियमांत जागा मिळत नाही. खेळाने काय गाळले, हे शोधणे हा इतिहासवाचनाचाच भाग ठरतो.

कोणती स्पॅनिश?

स्पॅनिश ही सुमारे २० देशांची अधिकृत भाषा आहे. मूळ भाषा म्हणून ती बोलणारे जवळपास ५० कोटी लोक असून त्यांतील बहुसंख्य लॅटिन अमेरिकेत राहतात. खेळाचे भाषांतर करताना 'कोणती स्पॅनिश?' हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. मोटारगाडीला स्पेनमध्ये 'कोचे', मेक्सिकोत 'कार्रो' आणि अर्जेंटिनात 'आउतो' म्हणतात. संगणक स्पेनमध्ये 'ओर्देनादोर' असतो, तर लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात 'कोम्पुतादोरा'. वस्तू उचलण्याच्या आज्ञेसाठी स्पेनमध्ये सहज वापरले जाणारे 'कोहेर' हे क्रियापद मेक्सिको व अर्जेंटिनात अश्लील अर्थाने घेतले जाते. जमिनीवरची वस्तू उचला, ही खेळातील सर्वांत सामान्य सूचना असल्यामुळे ही अडचण नित्याची आहे.

संबोधनातही फरक पडतो. जवळच्या अनेक व्यक्तींना उद्देशून स्पेनमध्ये 'बोसोत्रोस' म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस'. अर्जेंटिना व उरुग्वेत एकवचनी 'तू'च्या जागी 'बोस' येते आणि क्रियापदाचे रूपही बदलते. २००४ मधील 'हेलो २' हा खेळ स्पेनमध्येही लॅटिन अमेरिकन धाटणीच्या आवाजांत आला, तेव्हा तेथील खेळाडूंनी तीव्र नाराजी व्यक्त केली. उलट दिशेने लॅटिन अमेरिकेतील खेळाडूंना अनेक वर्षे स्पेनच्या बोलीतील खेळ स्वीकारावे लागले. पोकेमॉनच्या मुख्य मालिकेत लॅटिन अमेरिकन स्पॅनिशचा स्वतंत्र पर्याय २०२५ च्या 'लेजेंड्स: झेड-ए'मध्ये प्रथमच उपलब्ध झाला.

लिंगव्यवस्था ही भाषांतराची आणखी एक कसोटी आहे. इंग्रजीत 'तू थकला आहेस' आणि 'तू थकली आहेस' यांसाठी एकच वाक्य चालते. स्पॅनिशमध्ये पुरुषासाठी 'कान्सादो' आणि स्त्रीसाठी 'कान्सादा' असा भेद करावा लागतो. खेळाडूने स्त्रीपात्र निवडले आणि प्रोग्राममध्ये एकच वाक्य साठवलेले असेल, तर पडद्यावर व्याकरणाची चूक दिसते. असे वाक्य कसे टाळावे किंवा लिंगनिरपेक्ष कसे करावे, हा भाषांतराच्या वर्गातील उपयुक्त स्वाध्याय आहे.

अध्यापनाच्या पद्धती

खास घडवलेले खेळ

अमेरिकेतील अभ्यासक ज्युली साइक्स यांच्या कार्यातून या क्षेत्रातील दोन प्रसिद्ध प्रयोग पुढे आले. 'क्रोकेलँडिया' हे स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले त्रिमितीय आभासी जग होते. विनंती कशी करावी आणि माफी कशी मागावी, हा त्याचा विषय होता. व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्यही प्रसंगाला उद्धट ठरू शकते, हे त्यात विद्यार्थ्याला पात्रांच्या प्रतिसादातून कळे. दुसरा प्रयोग 'मेन्तिरा', अर्थात 'असत्य', हा साइक्स आणि ख्रिस होल्डन यांनी २००९ च्या सुमारास न्यू मेक्सिको विद्यापीठात उभा केला. अल्बुकर्की शहरातील लोस ग्रिएगोस या जुन्या वस्तीत घडलेल्या एका कल्पित खुनाचा शोध विद्यार्थ्यांनी स्पॅनिशमधून घ्यायचा होता. हातातील उपकरणावर पात्रांशी बोलत ते शेवटी प्रत्यक्ष त्या वस्तीतून फिरत. स्पॅनिश ही दूरच्या देशाची भाषा नसून आपल्याच शहराच्या इतिहासाची भाषा आहे, ही जाणीव त्यातून साधली गेली.

सेतू-उपक्रम

बाजारातील खेळ वापरताना स्टीव्हन थॉर्न आणि जोनाथन राइनहार्ट यांनी २००८ मध्ये मांडलेली 'सेतू-उपक्रमां'ची रचना सोयीची ठरते. पहिल्या टप्प्यात विद्यार्थी खेळातील भाषेचे नमुने टिपतो. दुसऱ्या टप्प्यात शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे विश्लेषण होते. तिसऱ्या टप्प्यात विद्यार्थी स्वतः काही निर्माण करतो: परीक्षण, वाटाड्या-पुस्तिका, संवाद किंवा पर्यायी शेवट.

भाषेच्या पातळीप्रमाणे कामे बदलतात. प्रारंभिक पातळीवर मेनू, वस्तूंची नावे, दिशा आणि आज्ञार्थी रूपे हाताळली जातात. मध्यम पातळीवर 'काय घडले' हे सांगणे महत्त्वाचे ठरते. स्पॅनिशमध्ये घडून संपलेल्या क्रियेसाठी एक आणि पार्श्वभूमी किंवा सवय सांगण्यासाठी दुसरा असे दोन भूतकाळ आहेत. खेळातील प्रसंग सांगताना दोन्हींची गरज स्वाभाविकपणे भासते: पाऊस पडत होता, दार उघडे होते, इतक्यात पूल कोसळला. प्रगत पातळीवर बोलींची तुलना, भाषांतराची चिकित्सा आणि चित्रणावरील टीका हे विषय येतात.

संवाद नसलेला खेळही भाषेच्या वर्गात मोलाचा ठरतो. 'ग्रिस'मध्ये दुःखाने आवाज गमावलेली एक तरुणी रंगहीन झालेल्या जगातून चालत जाते आणि टप्प्याटप्प्याने एकेक रंग परत येतो. खेळात कथानक शब्दांत सांगितलेले नाही. त्यामुळे ते शब्दांत मांडण्याची जबाबदारी पूर्णपणे विद्यार्थ्यावर येते. दोन विद्यार्थ्यांनी सांगितलेली कथा सहसा एकसारखी नसते आणि त्या फरकातूनच संभाषण सुरू होते.

खेळणारा आणि पाहणारा

जोनाथन डीहान आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो. जपानमधील ८० विद्यार्थ्यांच्या जोड्या करण्यात आल्या. जोडीतील एकाने इंग्रजी गीतांचा संगीत-खेळ खेळला आणि दुसऱ्याने तो फक्त पाहिला. पाहणाऱ्यांच्या लक्षात खेळणाऱ्यांपेक्षा अधिक शब्द राहिले. बटणे अचूक वेळी दाबण्यात खेळणाऱ्याचे लक्ष गुंतून गेल्याने भाषेसाठी अवधान उरत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा प्रयोग स्पॅनिशचा नसला तरी त्यातून निघणारी दिशा स्पष्ट आहे. वेगवान खेळापेक्षा थांबून विचार करू देणारा खेळ भाषेसाठी अधिक अनुकूल असतो. तसेच वर्गात एकच संगणक असला, तर एकाने खेळावे आणि इतरांनी स्पॅनिशमधून त्याला मार्ग सुचवावा, ही रचना साधनांच्या अभावावरील तडजोड न राहता अध्यापनाची चांगली पद्धत ठरते.

मर्यादा व टीका

या पद्धतीवर अनेक आक्षेप घेतले जातात. मोठा खेळ पूर्ण होण्यास अनेक तास लागतात आणि सत्राच्या वेळापत्रकात तो बसत नाही. म्हणून निवडक प्रसंगच घ्यावे लागतात. खेळ आणि यंत्रे महाग असतात. खेळण्याची सवय असलेला विद्यार्थी पुढे जातो आणि इतर मागे राहतात, त्यामुळे भाषेऐवजी बोटांच्या चपळाईचे मूल्यमापन होण्याचा धोका संभवतो. अनेक गाजलेल्या खेळांत हिंसा तीव्र असते. 'ब्लास्फेमस'सारख्या खेळातील रक्तपात आणि धार्मिक प्रतिमांचा वापर काही विद्यार्थ्यांना क्लेशकारक वाटू शकतो. युरोपातील पेगी ही वयोगटदर्शक चिन्हे निवडीसाठी उपयोगी पडतात, पण ती शिक्षकाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाहीत.

दुसरा आक्षेप शिक्षणाच्या स्वरूपासंबंधी आहे. अभ्यास म्हणून लादलेला खेळ हा खेळ राहत नाही, कारण स्वेच्छा हे खेळाचे पहिले लक्षण हौझिंगा यांनीच सांगितले आहे. त्यावर काही अभ्यासकांचे उत्तर असे की वाङ्मयाच्या वर्गात कविता वाचली जाते तेव्हाही तो निव्वळ आनंद नसतो. तरीही त्यातून कविता वाचण्याची दृष्टी येते.

भारतीय संदर्भ

खेळाधारित भाषा-अध्यापनाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. व्याकरणाचे नियम आधी न शिकवता अर्थपूर्ण कामे देऊन भाषा शिकवण्याचा प्रयोग एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर प्रकल्पात केला. कार्याधारित अध्यापनाच्या इतिहासात तो पायाभूत मानला जातो. खेळातील मोहीम ही मुळात एक 'कार्य'च असल्याने या विचारसरणीतील तत्त्वे खेळांच्या वापराला सहज लागू पडतात.

स्पेन सरकारने १९९१ मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूटो सर्व्हान्टिस या संस्थेचे नवी दिल्लीतील केंद्र २००९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिशचे अध्यापन होते. मराठीभाषक विद्यार्थ्याला या भाषेत काही गोष्टी परिचित वाटतात. मराठीतील 'तू' आणि स्पॅनिशमधील 'तू' यांचा उच्चार आणि अर्थ एकच आहे. दोन्ही शब्दांचे मूळ इंडो-युरोपीय भाषाकुळातील समान सर्वनामात आहे. आदरार्थी 'उस्तेद' वापरताना मराठीतील 'तुम्ही' व 'आपण' यांची जाण उपयोगी पडते. निर्जीव वस्तूंनाही व्याकरणिक लिंग असते, हेही मराठीभाषकाला नवीन नसते. खेळातील एखादे पात्र राजाला 'तू' म्हणाले तर काय बिघडते, किंवा पात्राचे लिंग बदलल्यावर वाक्यातील कोणती रूपे बदलावी लागतात, हे इंग्रजीच्या आधाराने समजावून घेण्यापेक्षा मराठीच्या आधाराने समजावून घेणे सोपे जाते.